पावाच्या तळाचं भोक

तुम्ही हसाल, पण पाव चांगला झाला म्हणून माझी झोप उडाली. जन्मभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, तरी मुलाने पाठवलेल्या ब्रेड मशीनमधून माझ्या हातून दर वेळी वीटच निघायची. त्या दिवशी फिरून आलो, तर ओट्यावर छान फुललेला, मऊ पाव. मी बायकोला विचारलं, "हुडकेश्वरच्या बेकरीत गेली होतीस का?"

"मी काहून जाऊ? तुम्हीच तर मशीन लावून गेले होते."

"असा पाव माझ्याच्यानं होत नाही. मला वाईट वाटू नये म्हणून तू तो बदललास."

"काय संशय घेऊन राहिले जी तुम्ही? जन्मभर माझ्या पोळ्या खाल्ल्या, तेव्हा नाही केली चौकशी. हे पाहा."

तिनं पाव उलटा केला. मशीनमधलं पीठ मळायचं पातं पावाच्या तळाला भोक पाडतंच, आणि ते भोक तिथं होतं. बेकरीच्या पावाला ते कुठून येणार? मी दोन तुकडे खाल्ले आणि तिची माफीही मागितली.

आता तुम्हीच सांगा, पात्यानं पडलेलं भोक आणि बोटानं पाडलेलं भोक, यांतला फरक ओळखायचा कसा?