शनिवार, चार दहानंतर

हॅलो?… कोण?… हां चोल्पोनताई, बोल. नाही गं, बाजारात आहे, दुकानात. एकाचा लॅपटॉप उघडून बसलेय… हो, हो, ऐकतेय.

काय?… बर्फ? लसींच्या फ्रीजमध्ये?… मग घंटा नाही वाजली? अगं, दोन अंशांच्या खाली गेला की वाजायलाच हवी. फ्रीजचं थंडी कमी-जास्त करायचं बटण बिघडलंय म्हणून तर मी तापमापक कॉम्प्युटरला जोडून दिला तुझ्या दवाखान्यात.

थांब, रडू नकोस. तापमानाची यादी उघड… शेवटची ओळ कधीची?… शनिवार, चार दहा. आणि पुढे?… काहीच नाही? ताई, आज सोमवार आहे.

बरं, खाली कोपऱ्यात सिस्टीमच्या आवृत्तीचं नाव असेल, ते वाच… परत वाच.

…

हे मी टाकलेल्या आवृत्तीचं नाव नाही.

ताई, मी तुला म्हटलं होतं ना, पक्की आवृत्ती टाकलीय… ती पक्की नव्हती. चाचणीतली होती… अगं ऐक ना, मग ओरड. पक्कीला तो तापमापक ओळखताच येत नव्हता, फार नवा होता. चाचणीतलीला येत होता. आणि ती पिकत आली होती गं. नवं काही घालणं बंद झालेलं, नुसत्या चुका काढणं चाललेलं. शनिवारी ती पक्की म्हणून जाहीरही झाली. आम्ही दुकानातल्यांनी इथे नारिन शहरात केक कापला…

तेच तर सांगतेय. ती आता पक्की आहे, पण तुझ्या मशीनवर ती राहिलीच नाही. सुधारणा कुठून आणायच्या हे मशीनला लिहून द्यावं लागतं. तिथे त्या आवृत्तीचं स्वतःचं नाव लिहायचं असतं. मी आळस केला, नुसतं ‘चाचणी’ लिहिलं. शनिवारी ‘चाचणी’ या नावाखाली पुढची आवृत्ती आली, अगदी कच्ची, आणि मशीन आपोआप तिच्यामागे गेलं. तिथेच तापमापक बंद पडला… हो. मी केक खात होते तेव्हाच.

शाळेचं आत्ता काढू नकोस… काढू नकोस म्हणतेय ना. शाळा सोडली नसती तरी मी हेच केलं असतं. घाई माझीच आहे.

बाटल्यांवरची खूण?… पांढरी राहिली म्हणून काय झालं? तूच शिकवलंयस मला, ती फक्त उष्णता दाखवते. गोठून निकामी झालेली लस तिला कळत नाही.

बाहेर किती जणी बसल्यात?… अकरा. वरच्या कुरणांवरून, घोड्यांवर… एकीचं बाळ दोन महिन्यांचं आहे… हं. आणि नव्या लसी?… पंधरा दिवसांनी.

थोरले डॉक्टर काय म्हणाले?… काय भरायचे? दोन दिवसांचे आकडे?… चार अंश, चार अंश, पाच अंश. आणि ते मी इथून भरू.

येतं ना मला. पाच मिनिटांचं काम आहे, कुणाच्या बापाला कळणार नाही… नाही, ताई. नाही भरणार.

…अगं, तू टोचशील, ती आई निर्धास्त होऊन वर जाईल. आणि त्या पोराला हिवाळ्यात डांग्या खोकला झाला की? बर्फात खाली कसं आणणार त्याला? तू जाशील?

तुझी नोकरी जाईल, माहीत आहे मला. ओरड, ओरड… झालं? आता वही घे. घे तर खरी.

लिही. शनिवार चार दहा ते सोमवार सकाळ, तापमान माहीत नाही… कारण, मशीनवर चाचणीतली आवृत्ती होती. टाकणारी, पेरिझात, नर्सची धाकटी बहीण. नर्सला पक्की आहे असं खोटं सांगितलं… लिही गं, खरंच आहे ते.

नाही, ‘चुकून’ नको. खोड ते. मला माहीत होतं.

दुपारच्या गाडीनं येतेय मी. डॉक्टरांसमोर मीच बोलेन. तोवर त्या बायकांना आत घे, चहा दे, आणि सांग आज नाही… तूच सांग, मी येईपर्यंत बसवून ठेवू नकोस, त्यांना अंधारायच्या आत वर पोचायचंय.

ताई?… खोडलंस का ते?… हॅलो?