दोनदा वाजवलेली घंटी

अरे, मागच्या रविवारी मी सायकल घेऊन मुरमाच्या रस्त्यानं त्या जुन्या देवळाच्या गावाकडे गेलो. एकबी गाडी नाई, मी खूश! तलावाच्या वळणावर उगाच दोनदा घंटी वाजवली, तं बांधाच्या पाळीवर बसलेला एक म्हातारा दचकून उठला.

"काऊन वाजवली, भाऊ?"

"सहज, बाबा. रस्ता मस्त हाये तुमचा, मोकळा."

"खदानीसाठी गाव उठवलं, मोकळाच राहीन." मंग घंटीकडे पाहून म्हणे, "मासोळी भेटली का मी इथूनच सायकलची घंटी दोनदा वाजवो. घरची लगेच मसाला वाटाले बसे."

"कुठी हायेत बाई?"

"गाव उठाच्या आधीच गेली. या पाळीखालीच जाळली."

त्यानं रिकामं जाळं झटकलं.

"आता बसली असन ते मसाला वाटत. आन् माह्यापाशी मासोळी नाई."