शामा मुका झाला तेव्हा

...नाही, मुका पक्षी घरात ठेवून करायचं काय, तुम्हीच सांगा? आमच्या जावा बेटावर म्हणतात, पुरुषाला घर हवं, बायको हवी, घोडा, खंजीर आणि गाणारं पाखरू हवं. घोड्याच्या जागी माझा ट्रक, ट्रकवर भिंतीएवढे स्पीकर, मिरवणुकीत खर्ज असा सोडतो की घरांची कौलं घसरतात... आणि अशा माणसाचा शामा पक्षी मुका! तुम्हाला सांगतो, दोष शोधावा तर आम्हीच. नवा स्पीकर आला की खर्जापासून टिपेपर्यंत एकेक सूर सारख्याच जोरानं सोडायचा, समोर माइक लावून बघायचं कुठला दबतो, कुठला बोंबलतो. पडद्यावर रेघ सपाट आली की यंत्र इमानदार. पण पाखराला कोण माइक लावतो?

तरी दोष शोधावा तर आम्हीच, म्हणून पिंजरा ओसरीत टांगला, ऊन दाखवलं, रातकिडे चारले. चोच उघडतो, गळा फुगतो, आवाज नाही. बायको, कास्मियाती, म्हणायची, "गातोय की हो मघापासून." मला वाटलं, माझी समजूत काढतेय. शेवटी शेजारच्या लामिदीला देऊन टाकला. आणि त्या मुक्यानं पाखरांच्या स्पर्धेत पहिला नंबर काढला!

गेलो भांडायला. "लामिदी, औषध काय घातलंस त्याला?"

तर मानानं 'पाक' लावून म्हणतो, "औषध कसलं, पाक तुकिमान? तुमच्याकडे होता तेव्हाही पहाटेपासून आम्हाला झोपू देत नव्हता."

तुम्हाला सांगतो, दोष शोधावा तर आम्हीच. घरी येऊन स्पीकर जोडला, सूर चढवत नेला. खर्ज ऐकला, मधला ऐकला, आणखी वर गेलो... सगळं गप्प. म्हटलं, स्पीकर बसला. आवाज वाढवला, अजून वाढवला... बघतो तर कास्मियाती कानात बोटं घालून अंगणात, गल्लीतली कुत्री पसार, आणि पडद्यावर रेघ? फूटपट्टी धरून ओढल्यासारखी. इतकी वर्षं त्या स्पीकरच्या भिंतीपुढे उभा राहिलो, भिंत शाबूत राहिली, माझ्याच कानातून टिपेचे सूर गेले. आणि फार वाईट वाटतं हो, तो बिचारा रोज माझ्यासमोर गात होता आणि मी त्याला मुका म्हणून घराबाहेर काढला.

दिलेलं पाखरू परत कुठल्या तोंडानं मागू? लामिदी भला माणूस, सकाळी कॉफीला बोलावतो. मी पिंजऱ्यापुढे बसतो, शाम्याचा गळा फुगला की मान डोलावून "वा" म्हणतो. परवा असाच म्हणालो, तर लामिदी हळूच कानाशी येऊन म्हणाला, "पाक तुकिमान, तो रातकिडा गिळतोय."

म्हटलं, गिळू दे. रातकिडाही मला ऐकू येत नव्हताच.