कयाधूचं पाणी कुठं जातं

माझं गाव सिंधू नदीच्या काठावर, पाकिस्तानात, आणि मुक्काम हिंगोलीत, एसटी स्टँडाच्या मागच्या गल्लीत. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग माझ्याकडं नीट बघतात. नाव लछमणदास, पण ते इथं कोणाच्या तोंडात बसंना, म्हणून लच्छूशेठ. शेठ कशाचा, काय सांगू तुमाला, कितीक वर्षं सायकलवर चादरी लादून कळमनुरीचा बाजार केला, औंढ्याची जत्रा केली, तेव्हा कुठं हे दुकान झालं. तांड्यावरची एक म्हातारी मला म्हणायची, आमचे पणजे बैलावर मीठ लादून फिरले, तू सायकलवर चादरी लादून फिरून राहिला, मग तू आमचाच की रे. तिला मी उशीचा अभ्रा फुकट दिला. बाकी बाजारात मी पाकिस्तानवालाच. रागानं म्हणत न्हाईत, उंच माणसाला उंच म्हणावं तसं म्हणतात. क्रिकेटची मॅच असली की दुकानात गर्दी व्हते, चादर घ्यायला न्हाई, माझं तोंड बघायला. मीही मुद्दाम तोंड पाडून बसतो, तेवढीच त्यांची करमणूक.

आमी निघालो तेव्हा मी एकोणीस वर्षांचा. तिकडं बाबांचं धान्याचं दुकान व्हतं. दिवस खराब आले व्हते. खंडणीसाठी दुकानदाराला रस्त्यातून उचलून न्यायचे, कोणी परत यायचा, कोणी यायचा न्हाई. बाबांना दोनदा निरोप आला. तिसऱ्या निरोपाची वाट बघायची न्हाई, असं बाबांनी ठरवलं आणि हरिद्वारच्या यात्रेचा व्हिसा काढला. यात्रेला चाललो म्हणायचं आणि परत यायचं न्हाई. कोणाला सांगायची सोय नव्हती, कारण गोष्ट फुटली तर निघणंच बंद. म्हणून घर तसंच ठेवलं. दोरीवर कपडे वाळत व्हते, मडक्यात पाणी भरलेलं व्हतं. शेजारी पीरबक्ष चाचा स्टेशनापर्यंत आले. किल्ली हातात घेताना म्हणाले, कोंबड्यांना मी दाणे टाकीन. किती दिवस, ते त्यांनी विचारलं न्हाई. त्यांना कळलं व्हतं.

कळलं न्हाई ते माझ्या बहिणीला. सुशी माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, दोन गावं पलीकडं दिलेली. ती भेटायला आली ती हसतच आली. अमांला म्हणाली, हरिद्वारहून मला हिरव्या बांगड्या आण. अमां म्हणाली, आणते. आणि मुठीला दोरा गुंडाळून बांगडीचं माप कोणी घेतलं, तर मी. या हातानं. गाठ मारली, दोरा खिशात टाकला आणि वरून म्हणालो, हात बारीक कर जरा, म्हशीचं माप हाय हे. ती हसली. मी असं नाटक केलं की आजही मलाच पटतं.

हरिद्वारला अमांनी पहिल्या दिवशी बांगड्या घेतल्या, मग आंघोळ केली. तिथून आमी हिंगोलीला आलो, कारण बाबांचे मावसभाऊ इथं व्हते. पासपोर्ट पाकिस्तानचा, म्हणून जिल्ह्याबाहेर जायचं तर पोलिसांची परवानगी काढायची, सही करायची, परत आलं की परत सही. मराठी मला शेजारच्या काशीबाईनं शिकवली, पहिलं वाक्य शिकवलं ते, तुमच्या चादरीचा रंग जातो का. गिऱ्हाईक हेच विचारणार, म्हणाली, आधी हे शीक. बाबा तिसऱ्या वर्षी गेले. खांदा द्यायला गल्ली आली, पण त्यांना लहानपणापासून ओळखणारा माणूस त्यात एकही नव्हता. ही गोष्ट मी कोणाला बोललो न्हाई, तुमालाच सांगून राहिलो.

आता नदीची गोष्ट. आमच्यात चंद्रदर्शनाच्या संध्याकाळी बाया नदीवर जातात, पाण्यात तांदूळ, साखर, थोडं दूध सोडतात आणि पदर पसरून मागणं मागतात. त्याला अखो म्हणतात. इथं आल्यावर अमां जेवत नव्हती, बोलत नव्हती. एका संध्याकाळी तिनं विचारलं, लच्छू, ही कयाधू कुठं जाते रे. मी सायकलचं पंक्चर काढत व्हतो, हात काळे, डोकं गरम. म्हणालो, जाईल कुठं, सिंधूलाच जाते. अमां उठली, तोंड धुतलं आणि दोन भाकरी जेवली. मग सांगा, मी ते खोटं मागं कसं घेणार.

तेव्हापासून दर महिन्याला अमां कयाधूवर. अशी, बघा, अशी पदर पसरून उभी राहायची आणि पाण्याला सांगायची, सुशीला सांग, तुझे बाबा गेले. सुशीला सांग, लच्छूचं लग्न झालं, सून बरी हाय पण भाजीत तेल लई टाकते. उन्हाळ्यात नदी आटली की अमां तांदळाच्या पुड्या बांधून पत्र्याच्या डब्यात ठेवायची आणि पाणी आलं की सगळ्या महिन्यांच्या एकदम सोडायची. त्याच डब्यात तळाशी त्या हिरव्या बांगड्या.

सुशीचा राग मोठा. पत्रांना उत्तर न्हाई. मग मोबाईल आले, एका मावशीकडून तिचा नंबर मिळाला. ती एवढंच म्हणाली, तू बोलत जा, अमांला फोन द्यायचा न्हाई. हरिद्वारला गेली ना ती, तिकडंच राहू दे. आता आली का पंचाईत. मग मी काय केलं, अमांच्या मागं चार पावलांवर उभा राहायचो, ती पाण्याला जे सांगंल ते ऐकायचो आणि घरी येऊन फोनवर आवाज भरून सुशीला पाठवायचो. अमांची नक्कल करून, हं, तिचा खोकला धरून. बारा वर्षं. सुशी ऐकायची, उत्तर द्यायची न्हाई. राखीला फक्त एक शब्द यायचा, ठीक.

मागच्या हिवाळ्यात माझी पोरगी दिया, सातवीला हाय, भूगोलाचा नकाशा घेऊन आजीजवळ बसली. बोट फिरवत म्हणाली, आजी, आपली कयाधू पैनगंगेला मिळते, ते पाणी पुढं गोदावरीत, आणि मग इकडं बंगालच्या उपसागरात. आजीनं विचारलं, आणि सिंधू. दियानं दुसऱ्या टोकाला बोट ठेवलं. लेकराची काय चूक, तिला शाळेत बराबर शिकवलं व्हतं.

अमां रडली असती तर बरं झालं असतं. तिनं डबा उचलून माळ्यावर ठेवायला लावला आणि मला म्हणाली, मी सुशीला खोटं सांगितलं, तू मला सांगितलंस, फिटलं. त्या महिन्याला ती नदीवर गेली न्हाई. पुढच्याही न्हाई. मी एकटाच पुलावर जाऊन उभा राहिलो. खाली पाणी चाललं व्हतं, पण पाठवायला काही नव्हतं. इतकी वर्षं मी दोघींच्या मधी उभा व्हतो म्हणून मला घर असल्यासारखं वाटायचं, हे मला त्या पुलावर कळलं. गावात हजार माणसं मला हाका मारतात, पण त्या संध्याकाळी मी हाक मारावी असं कोणी दिसंना.

दुसरा चंद्र होऊन चार दिवस झाले आणि फोन वाजला. सुशी. बारा वर्षांत पहिल्यांदा तिचा आवाज. दोन महिने काही आलं न्हाई, म्हणाली, अमां हाय ना. हाय, म्हणालो, तशी तिनं फोन ठेवला.

मी फोन घेऊन अमांपुढं बसलो आणि सगळं कबूल केलं. अमां म्हणाली, म्हणजे तू मागं उभा राहून ऐकत व्हतास. व्हय. तेलाचं पण सांगितलंस. व्हय. मग तिनं हळू विचारलं, आणि शेवटचं.

शेवटचं मी कधीच पाठवलं नव्हतं. दर वेळी अखो सोडून झाल्यावर अमां म्हणायची, सुशी, मी तुला खोटं बोलून निघाले, माफ कर. ते मी गाळायचो. सुशीचा राग वाढंल असं मी स्वतःला सांगायचो. खरं असं की ते अमांच्या तोंडचं पाठवलं असतं, तर मागोमाग माझ्या तोंडचंही पाठवावं लागलं असतं. माप तर मीच घेतलं व्हतं.

मी आवाज भरायला लावून फोन अमांच्या हातात दिला. तिनं तो तोंडाशी धरला, तेवढंच एक वाक्य बोलली आणि खोकली. तो खोकला माझ्या नकलेपेक्षा लई बारीक निघाला. मग मी बोललो, अमांपुढंच, दोऱ्याचं.

नऊ दिवस काही न्हाई. दहाव्या दिवशी सुशीनं लिहून विचारलं, बांगड्या घेतल्या व्हत्या का खरंच.

मी माळ्यावरून डबा काढला, बांगड्या पुसल्या, चादरीवर मांडून फोटो पाठवला. थोड्या वेळानं तिच्याकडून फोटो आला. जाडसर हात, मुठीला दोरा गुंडाळलेला, बाजूला शाळेची पट्टी. खाली लिहिलं व्हतं, आता म्हशीचंच माप हाय.

अमांनी तो फोटो दियाकडून तीनदा मोठा करून बघितला. दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर बाजारात आली, हिरव्याच बांगड्या घेतल्या, मोठ्या मापाच्या. बांगडीवाला म्हणाला, हात पुढं करा, चढवून देतो. अमां म्हणाली, हात लांब हाय.

पाठवणार कशा, ते विचारू नका. दोन्हीकडचं येणंजाणं बंद हाय, टपालाचीही खात्री न्हाई. अमांशी सुशी अजून फोनवर बोलत न्हाई, पण आवाज पाठवला की ऐकल्याची खूण लगेच येते. सध्या कयाधू कोरडी पडलीय. अमां परत पुड्या बांधून राहिली, या महिन्याची धरून तीन झाल्या. मी म्हणालो, अमां, ते पाणी तिकडं जात न्हाई, तुला माहीत हाय. ती म्हणाली, पाण्याचं माझं मी बघते, तू तेवढा मागं उभा राहत जा.