बिनलग्नाचा माटव

मालवणला कुडाळच्या गाडीसाठी रांग लागली होती आणि गाडीचा पत्ता नव्हता. पुढच्या दोघी बायांचं कुठल्याशा मांडवाबद्दलचं बोलणं ऐकण्यावाचून माणिकबाईंना दुसरा उद्योगच उरला नव्हता.

"ह्यांनी दारार नवो माटव घातल्यानी, सुगंधा. पक्क्या लाकडाचो."

"वर माडाची झापा घातल्यात?"

"नाय गो. नुसते वासे. तेच्यार जुईची वेल सोडतले."

"मगे ऊन?"

"ऊन भुतूर येता."

"आणि पावस?"

"तो पण येता."

"मगे त्या माटवाचो उपेग काय, विमल?"

"मुंबैत हे ज्या सायबाची गाडी चालवीत, तेच्या बंगल्यार असोच होतो. सायब कदीच इलायतेक गेलो, पण ह्यांच्या डोक्यातसून बंगलो जाणा नाय."

"लोक काय म्हणतत?"

"दारार माटव आणि घरात लग्नाचा चेडू, पोटची लेक! काय म्हणतले? भटजी मुहूर्त विचारून गेले. सनयवालो वाजपी सुपारी मागूक इलो. रेडी गावची मावशी ट्रंक घेवन इली, ती आता परत जाणा नाय."

"मगे मोडून टाक माटव."

"लग्नाआधी मोडलो तर चेडवाच्या नावान बोभाटो होतलो!"

"मगे करतलंस काय?"

"करतलंय काय? माटव झालो, वाजपी झालो, मावशी झाली. आता नवरो बघूक मालवणात इल्लंय."

तेवढ्यात गाडी आली. माणिकबाई सगळ्यांच्या आधी चढल्या आणि शेजारच्या जागेवर पदर टाकून त्यांनी विमलला हाक मारली.

"बसा हय. माझ्या पोटचो थोरलो झील लग्नाचो आसा. पण लगीन पावसाआधी होवक व्हया. तुमच्या माटवाक छप्पर नाय."