बिनखळीची घोंगडी

फाट्यावरच्या पळसाला पान एकही नव्हतं, नुसती फुलं. बी.एस्सी. होऊन गावी आलेली शिवकन्या त्याच्याखाली आष्टीच्या बसची वाट बघत फुलाच्या पाकळ्या मोजत होती. तीन कोस चालून आलेल्या दोन धनगरणी शेजारी टेकल्या.

"मनकर्णे, घोंगडी लईच मऊ लागती गं. चिंचोक्याची खळ न्हाई दिली?"

"पाणी कुठं व्हतं, चतुराबाई? टँकरचा एकच हंडा मिळाला. खळ शिजवू का मेंढीला पाजू? पाजलं मेंढीला."

"मग झालं. विणकरांची सोसायटी बिनखळीची घोंगडी हातात बी धरत न्हाई."

"सोसायटीत कोण चाललंय? मी बाजारात चालले."

"कावून?"

"पाणी पिऊन मेंढी पायावर उभी राहिली. तर मालक म्हणले, उभी हाय तवरच इकू. पहाटंच घेऊन गेलेत."

"तुझ्या हरिबाचं तरी काय चुकलं? बाकीच्या बसल्या त्या उठल्याच न्हाईत."

"म्हणून तर. ही शेवटची हाय. व्यापाऱ्याला घोंगडी देते अन् मेंढी माघारी आणते."

"येडी का खुळी? होळी झाल्यावर घोंगडी कोण पांघरतं गं?"

"तिची बी लोकर हाय हिच्यात."

"ते खाटकाला सांग."

आष्टीहून येणारी बस आधी आली. हरिबा उतरला. हातात नुसती दोरी होती. मनकर्णा उठून उभी राहिली.

"कुणी नेली वं?"

"हैदराबादच्या गाडीत चढवली."

"वरडली का?"

"न्हाई. रवंथ करत व्हती."