शुक्रवारची चाचणी

सॉफ्टवेअर निवडतोयस ना, मग आधी आमच्या शेठची गोष्ट ऐक. गोखिवऱ्याच्या त्यांच्या कारखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळायचो. तीन सर्व्हरचं काम एकाच मशीनवर चालवणारं सॉफ्टवेअर घ्यायचं होतं; समोर दोन होती, एक महाग, एक स्वस्त. शेठ म्हणाले, "वेग बघायचाय तर शुक्रवारी बघ, कामाचा खोळंबा नको." शुक्रवारी कारखान्याला सुट्टी. दोन्ही सॉफ्टवेअर सुसाट पळाली. शेठनी स्वस्तातलं घेतलं आणि जुने सर्व्हर त्याच संध्याकाळी भंगारात दिले.

शनिवारी सगळे कामाला बसले आणि स्क्रीन गोठल्या. फाटकात भरलेला ट्रक उभा, बिल निघेना. शेठ माझ्या खुर्चीमागे येऊन थांबले.

"काल तर पळत होतं."

"काल आपण दोघंच होतो, शेठ."

त्यांनी कामाला बसलेल्या सगळ्यांवर एक नजर फिरवली. मग हळूच म्हणाले, "सगळ्यांना घरी पाठवलं तर बिल निघेल?"